115 किलो आणि कोकणचे चढ: सामान वाहणाऱ्या सायकलच्या निवडीचं एक प्रकरण

प्रवास आणि स्वार

पुण्याहून निघायचं, ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचं, हरिहरेश्वरजवळ समुद्र गाठायचा आणि मग किनारा धरून थेट कन्याकुमारी. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरी बोटी घेत रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल. पुढे गोवा, कारवार, मंगळुरू, कोची. सगळं मिळून सुमारे 1700 किलोमीटर. नोव्हेंबरच्या शेवटाला सुरुवात, हातात 24 दिवस. सामान स्वतःच्याच सायकलवर, मागे गाडी नाही.

प्रकरणासाठी धरलेला स्वार हा कुणी एक माणूस नव्हे. अशा प्रवासाची तयारी करणाऱ्यांची गरज साधारण एकाच साच्याची असते, तो साचा इथे घेतला आहे. उंची 172 सेंटिमीटर, कपडे-बुटांसह वजन 78 किलो, बुटाचा आकार 9. आठवड्यातून तीन-चार दिवस तीस-चाळीस किलोमीटर चालवायची सवय. तासभर न थांबता 180 वॅटच्या आसपास जोर लावू शकेल इतकी तयारी. घरात चार वर्षं जुनी ॲल्युमिनियमची हायब्रिड आहे. सायकल, कॅरिअर, बॅगा, सुटे भाग असं सगळं धरून खर्चाची मर्यादा 60,000 रुपये.

असा माणूस दुकानात येतो तो "टूरिंगसाठी कोणती सायकल घेऊ?" हा प्रश्न घेऊन, आणि बोलणं लगेच फ्रेमवर जातं: स्टील की ॲल्युमिनियम, कुठली कंपनी, किती किलो. ओझ्याच्या सायकलीत आधी दगा देतं ते मागचं चाक. त्याच्या पाठोपाठ कॅरिअरचे बोल्ट, आणि चढावर गिअर कमी पडल्यामुळे स्वाराचे गुडघे. सामानाच्या वजनाने फ्रेम तुटण्याची वेळ फार क्वचित येते. म्हणून इथे निवड मागच्या चाकापासून सुरू केली आहे.

आधी तराजू

सायकल बघण्याआधी सामान वजन करायचं. पहिल्या यादीत ते 28 किलो भरलं. जीन्सची दुसरी जोडी, मोठा टॉवेल, स्टोव्ह आणि भांडी गळाली, कारण या किनाऱ्यावर जेवणाची खानावळ किंवा घरगुती सोय रोज मिळते. उरलं ते असं: पाणी 3 किलो, हत्यारं आणि सुटे भाग 2.6, तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट 4.4, कपडे आणि पावसाळी जाकीट 3.5, कॅमेरा 2, औषधं-चार्जर-कागदपत्रं 1.5, खाणं 1.5, आणि रिकाम्या बॅगांचं स्वतःचं वजन 2.5. बरोबर 21 किलो. बॅगांचं वजन लोक हमखास विसरतात.

कॅरिअर-मडगार्डसह सायकल 16 किलो धरली तर रस्त्यावर चालणारा एकूण भार 78 अधिक 16 अधिक 21, म्हणजे 115 किलो. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर आहे.

चढाचा हिशेब

कोकणातला किनारी रस्ता नकाशावर समुद्रालगत दिसतो म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीकाठच्या गावात उतरतो, पूल किंवा जेटी ओलांडतो आणि लगेच सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) चढतो. एकेक चढ शे-दीडशे मीटर उंचीचा, पण तीव्रता 8 ते 12 टक्के, आणि असे चार-पाच चढ एका दिवसात. घाटात लांब पण मध्यम चढ असतो, लय सापडते. इथे लय सापडेपर्यंत चढ संपतो आणि उतारावर कमावलेला वेग पुढच्या वळणावर ब्रेकमध्ये जातो.

10 टक्के चढावर 115 किलोला मागे ओढणारं बल साधारण 112 न्यूटन. डांबरी पण खडबडीत रस्त्यावर टायरचा रोध 9 न्यूटन. एकूण 121. पायडल मिनिटाला 60 फेऱ्यांनी फिरवायचं ठरवलं (त्याखाली गेलं की गुडघ्यावर ताण येतो), तर प्रत्येक सायकलच्या सर्वात हलक्या गिअरला लागणारी ताकद अशी निघते:

रोड बाइक, पुढे 34 दात, मागे 28, टायर 700×28: एका फेरीत 2.59 मीटर, ताशी 9.3 किलोमीटर, 314 वॅट.

घरातली हायब्रिड, 28/28, टायर 700×38: 2.18 मीटर, ताशी 7.8, 264 वॅट.

ग्रॅव्हल बाइक, 30/34, तेच टायर: 1.92 मीटर, ताशी 6.9, 233 वॅट.

जुन्या पद्धतीची माउंटन बाइक, 22/32, टायर 26×2.0: 1.41 मीटर, ताशी 5.1, 171 वॅट.

स्वाराकडे 180 वॅट आहेत. चौथी सोडून बाकी तिन्ही सायकलींवर तो पायडलच्या फेऱ्या पस्तीस ते पंचेचाळीसवर आणेल, उभा राहून रेटेल आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधेल. ताशी 5 किलोमीटरला सायकल डुगडुगेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. सामान खालच्या बाजूला आणि पुढे-मागे वाटलेलं असेल तर ती सरळ चालते. दुसऱ्या टोकाला 42/11 हा गिअर एका फेरीत 7.85 मीटर देतो, 80 फेऱ्यांना ताशी 37 च्या वर. ओझं घेऊन त्यापेक्षा वेगात पायडल मारायची गरज पडत नाही.

हा एक हिशेब नीट केला तर अर्धी निवड आपोआप होते. कॅटलॉगमध्ये "21 स्पीड" किंवा "24 स्पीड" लिहिलेलं असतं, त्याचा इथे काही उपयोग नाही. पुढच्या लहानात लहान चक्रीचे दात आणि मागच्या मोठ्यात मोठ्या चक्रीचे दात मोजायचे. पुढचा आकडा मागच्यापेक्षा कमी हवा, आणि इतक्या भाराला भागाकार 0.75 च्या खाली असला तर उत्तम.

मागचं चाक

115 किलोपैकी सगळं 21 किलो सामान मागच्या कॅरिअरवर टाकलं तर मागच्या चाकावर साधारण 75 किलो येतात. 8 किलो पुढे नेले तर 68. हा भार स्पोकवर सारखा बसत नाही. चाक फिरताना जमिनीकडे येणारा प्रत्येक स्पोक क्षणभर सैल होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. दिवसाला 75 किलोमीटर म्हणजे 36 हजारांवर फेरे, तितक्याच वेळा सैल-ताण. मुळात ताण कमी असलेला स्पोक या खेळात जास्त हलतो आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातल्या कोपरापाशी थकून तुटतो. म्हणजे स्पोक घट्ट केला म्हणून तुटला हा समज उलटा आहे, ढिला राहिलेलाच आधी जातो.

मागचं चाक एका बाजूला कलतं बांधलेलं असतं, कारण उजवीकडे गिअरच्या चक्र्यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे उजवीकडचे स्पोक खूप ताणलेले आणि डावीकडचे त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकात हा ताण असमान असतो. दुकानात आऊट (चाकाचा डुलणारा वाकडेपणा) काढून चाक सरळ फिरत असलं तरी ताण सारखा आहे असं होत नाही. एका बाजूचे स्पोक दोन-दोन करून दाबून पाहावेत, किंवा बोटाने छेडून आवाज ऐकावा. एकाच बाजूचे सगळे जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत.

आता हायब्रिडकडे. हिच्या हबवर 7 चक्र्यांचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे. अशा हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, डावीकडे सरकलेले असतात, आणि एक्सलचा साडेतीन-चार सेंटिमीटरचा तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो. शहरात एकट्या माणसाला त्याने फरक पडत नाही. 75 किलो मागे आणि रस्त्यात खड्डे असले की हाच तुकडा वाकतो. लक्षणं ओळखता येतात: कोन (छर्ऱ्यांना धरणारे एक्सलवरचे नट) वारंवार ढिले होतात, चाक हाताने फिरवलं की फ्रीव्हील डुलतं, स्वार बसल्यावरच ब्रेक एका बाजूला घासतो. मग एके दिवशी एक्सल तुटतो. कॅसेट हबमध्ये, जिथे चक्र्यांचा संच आट्यांवर न बसता खाचांवर सरकवलेला असतो, उजवीकडचे छर्रे एक्सलच्या टोकाजवळ बसवलेले असतात, त्यामुळे हा दोष राहत नाही. ओझं वाहायचं तर मागे कॅसेट हबच हवा.

दुधाच्या कॅनवाल्याची काळी सायकल इथे आठवते. साठ-सत्तर किलोचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून ती वर्षानुवर्षं चालते. तिच्या मागच्या चाकाला 40 स्पोक असतात, पुढच्याला 32. मागचा त्रिकोण लांब असतो आणि कॅरिअरचे पाय थेट एक्सलवर आवळलेले असतात, फ्रेमच्या बारीक भोकात नाही. सामान वाहण्याचे सगळे नियम तिने पाळलेले आहेत. फक्त पुढे 44 आणि मागे 18 असा एकच गिअर आणि रॉडचे ब्रेक घेऊन जयगडचा चढ ढकलतच चढावा लागेल.

चार पर्याय

घरातली हायब्रिड वाचवता येते. मागे नवं कॅसेट हबचं चाक, पुढे साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), हलक्या गिअरसाठी 34 दातांची कॅसेट. पण पुढची चक्री 28 दातांचीच राहते, म्हणजे भागाकार 0.82. मडगार्ड लावल्यावर टायरला 35 मिलिमीटरपेक्षा जास्त जागा उरत नाही. फ्रेमच्या मागच्या टोकाला, एक्सल बसतो तिथे, एकच भोक आहे, त्यात मडगार्ड आणि कॅरिअर दोन्ही बसवावे लागतील. दहा-बारा किलो सामान आणि देशावरचे रस्ते असते तर हीच सायकल घेऊन जा, असंच सांगितलं असतं.

नवी ग्रॅव्हल बाइक दिसायला देखणी, चालवायला सुखाची. पण सगळा पैसा एकट्या सायकलमध्येच जातो, गिअर अपुरा पडतो आणि अनेक मॉडेलमध्ये कार्बनचा चिमटा असतो, ज्याला पुढचं कॅरिअर लावायची परवानगी असेलच असं नाही.

खास टूरिंगसाठी बनवलेली परदेशी स्टीलची सायकल हा सगळ्यात सरळ मार्ग. सर्ली या अमेरिकी कंपनीच्या, आता बंद झालेल्या, लाँग हॉल ट्रकरसारख्या सायकलीत मागच्या त्रिकोणाची खालची नळी 460 मिलिमीटर लांब, चाकांना 36 स्पोक, कॅरिअरची भोकं सगळीकडे, अगदी सुटे स्पोक अडकवायचीसुद्धा सोय. बजेट अडीचपट असतं तर पुढचं काही वाचायची गरज नव्हती.

उरली ती वापरलेली 26 इंची माउंटन बाइक: ॲल्युमिनियमची 18 इंची फ्रेम, पुढे 42-32-22, मागे 8 चक्र्यांची 11-32 कॅसेट, व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे), पुढे 80 मिलिमीटरचा स्प्रिंगचा चिमटा. 14,000 रुपयांच्या आसपास. निवड हिची झाली.

स्टीलचं काय, हा प्रश्न इथे येतोच. "स्टील कुठेही वेल्डिंग करून मिळतं" हे अर्धसत्य आहे. जाळी-दरवाजे जोडणारा आर्क वेल्डर क्रोमोलीच्या (क्रोमियम-मोलिब्डेनमयुक्त स्टीलच्या) मिलिमीटरभर जाडीच्या नळीला भोक पाडतो. तिला गॅसवर पितळेने जोडणारा कारागीर शोधावा लागतो. खाऱ्या हवेत स्टीलची फ्रेम आतून गंजते, त्यासाठी नळ्यांत आधीच गंजरोधक तेल फिरवावं लागतं. ॲल्युमिनियमला ही कटकट नाही, मात्र तडा गेला तर रस्त्यात उपाय नाही. तीन-चार आठवड्यांच्या किनारी प्रवासाला तडा नसलेली ॲल्युमिनियम फ्रेम अगदी योग्य आहे.

26 इंचाच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते खेड्यातल्या दुकानात कळतं. मुलांच्या रेंजर सायकलींमुळे 26×1.95 किंवा 26×2.125 टायर तालुक्याच्या गावी सहज मिळतो. त्याचं आतलं माप 559 मिलिमीटर. 700 च्या चाकाला 622 चा टायर लागतो. दुकानदार जो "28 चा" टायर काढून देतो तो काळ्या सायकलचा, 28×1½, म्हणजे 635 मिलिमीटरचा असतो. तो 622 च्या रिमवर सैल बसतो, हवा भरली की निसटतो. तसाच 26×1⅜ हा टायर 590 चा असतो, तो आपल्या 26 ला चालत नाही. टायरच्या कडेवर छापलेला तीन आकडी अंक वाचायचा, इंचांवर विश्वास ठेवायचा नाही.

जुनी फ्रेम घेताना

सायकल उलटी करून ओल्या फडक्याने पुसायची आणि चार जागा उजेडात बघायच्या: पुढच्या नळीचा आणि खालच्या तिरप्या नळीचा सांधा, सीटपोस्ट शिरतो तिथली फट, क्रँकजवळ मागच्या नळ्यांचे सांधे, आणि मागची दोन टोकं. रंगात केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडायची. नख अडकलं तर सायकल सोडून द्यायची, किंमत कितीही कमी असो.

मग दोरा. मागच्या एका टोकापासून दोरा निघून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला बांधायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे फ्रेम वाकलेली. सीटपोस्ट निघतो का, तेही बघायचं. जाम झालेला सीटपोस्ट काढण्यात फ्रेम गेलेली उदाहरणं कमी नाहीत. मागच्या डिरेलरचा (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला टांगणारा तुकडा, सुटा असतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तोच हँगर आज मिळतो का, हे पैसे देण्याआधी शोधायचं आणि मिळत असेल तर दोन घ्यायचे.

काय बदललं आणि का

मागचं चाक नव्याने बांधायचं: 36 भोकांचा 135 मिलिमीटरचा कॅसेट हब, दुहेरी भिंतीची 36 भोकांची रिम, 2.0-1.8-2.0 मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्पोक, तीन छेदांची विणकाम पद्धत. उजवीकडचा ताण 110 किलोच्या आसपास, पण रिम बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत. ताण मोजायचं यंत्र नसलेल्या दुकानात हे काम देऊ नये. साधारण 7,500 रुपये. बांधणारा माणूस चांगला असेल तर या प्रकरणात सर्वात सार्थकी लागलेला पैसा हाच. पुढचं चाक 32 स्पोकचंच राहिलं. त्याला कल नसतो, भारही कमी, त्यामुळे ताण सारखा करून घेतला की पुरतं.

स्प्रिंगचा चिमटा काढायचा. तो अडीच किलोच्या आसपास असतो, त्याला कॅरिअरची भोकं नसतात आणि जेटीवरच्या खाऱ्या शिंतोड्यांत त्याच्या नळ्या महिन्याभरात खरखरतात. त्याजागी 1⅛ इंची स्टिअररचा स्टीलचा सरळ चिमटा, व्ही-ब्रेकचे खुंट आणि मध्यावर कॅरिअरची भोकं असलेला. इथे एक चूक वारंवार होते: लांबी न मोजता कुठलाही चिमटा बसवणं. जुन्या चिमट्याची एक्सलपासून मुकुटापर्यंतची (दोन्ही पाय वर जुळतात तिथपर्यंतची) लांबी रिकामी 450 मिलिमीटर, स्वार बसल्यावर दबून 435. नवा 430 ते 440 मधला हवा. 20 मिलिमीटर कमी घेतला तर पुढचा कोन साधारण एक अंशाने उभा होतो आणि ओझ्याची सायकल उतारावर चंचल होते.

व्ही-ब्रेक ठेवले, डिस्क घेतले नाहीत. या भाराला थांबवायची ताकद दोन्हींत आहे. व्ही-ब्रेकचे रबर आणि केबल गल्लीतल्या दुकानात मिळतात, आणि कन्याकुमारीहून परत येताना पार्सलच्या डब्यात सायकल आडवी पडली तर डिस्कची थाळी वाकायची भीती नाही. शिवाय ब्रेकचं कॅलिपर कॅरिअरच्या पायाच्या आड येत नाही. उणीव एकच, ओल्या रस्त्यावर रबरात रेती अडकते आणि रिम घासून पातळ होते. दर दोन दिवसांनी रबर टोचणीने साफ करायचे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, नाहीतर रिम तापते. दोन्ही ब्रेक मिळून जोरात दाबायचे, वेग उतरवायचा, सोडायचे.

टायर 26×2.0, पंक्चररोधक पट्टीचे. मागे 45 ते 50 पीएसआय, पुढे 35. पूर्ण कडक हवा भरली की खड्ड्याचा धक्का स्पोकवर जातो, फार कमी ठेवली की ट्यूब रिमखाली चिमटते. ट्यूब मोटरसायकलसारख्या वाल्वची घ्यायची, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा टायरवाल्याकडे हवा भरता येते.

कॅरिअर, बॅगा आणि टाच

माउंटन बाइकचा खरा दोष इथे आहे. हिची मागची खालची नळी 425 मिलिमीटर आहे. 9 नंबरच्या बुटाची टाच प्रत्येक फेरीला बॅगेला लागते. ती लागू नये म्हणून बॅगेचे हूक 40 मिलिमीटर मागे घ्यावे लागतात, बॅग एक्सलच्या मागे लटकते आणि सायकलचं शेपूट हलायला लागतं. टाच आणि शेपूट यांचा हा झगडा पूर्ण मिटत नाही, पण दोन गोष्टींनी सुसह्य होतो. एक, खालून पुढच्या बाजूला तिरप्या कापलेल्या बॅगा. दुसरं, जड सामान पुढे. तंबू, हत्यारं, खाणं आणि पुढच्या बॅगांचं स्वतःचं वजन मिळून 8 किलो पुढच्या चिमट्यावरच्या खालच्या कॅरिअरला, दोन्हीकडे सारखे. स्लीपिंग बॅगसारखं फुगीर पण हलकं सामान मागे.

मागचं कॅरिअर स्टीलच्या नळीचं असेल तर बरं. ट्यूबस कंपनीचं कार्गो हे कॅरिअर 40 किलोपर्यंतचं आहे, पण महाग. इथे 25 किलो क्षमतेचं जाड ॲल्युमिनियमचं घेतलं, कारण मागे फक्त 13 किलो येणार आहेत. सीटपोस्टला चिमटीने धरणारं कॅरिअर या कामाचं नाही.

कॅरिअर तुटतं ते बहुतेक वेळा बोल्टमुळे. 5 मिलिमीटरचा बोल्ट ढिला होतो, कॅरिअर त्यावर हलायला लागतं, बोल्ट वाकतो आणि फ्रेमच्या भोकाशी सपाट तुटतो. मग उरलेला तुकडा आट्यांतून काढणं म्हणजे ड्रिलचं काम. उपाय: स्टेनलेस बोल्ट, खाली वायसर, आट्यांना निळं थ्रेडलॉक, आणि बोल्टचं टोक भोकाच्या पलीकडे दोन आटे बाहेर येईल इतकी लांबी. कॅरिअर आणि फ्रेम यांत अंतर भरायला वायसरची चळत लावायची नाही, बोल्टवर तेवढाच तरफेचा जोर वाढतो. सोबत 5 मिलिमीटरचे 16, 20 आणि 25 लांबीचे प्रत्येकी दोन बोल्ट ठेवायचे.

बॅगा हुकाने अडकणाऱ्या आणि एका ओढीत निघणाऱ्या हव्यात. दोरीने बांधलेली खोगिरं जेटीवर त्रास देतात. ओहोटीला उतार शेवाळलेला असतो, बोट सुटायच्या बेतात असते, आणि 37 किलोची सायकल एकट्याने उचलता येत नाही.

या सगळ्याचा ढोबळ खर्च असा: सायकल 14,000, मागचं चाक 7,500, चिमटा 4,500, दोन टायर 3,800, कॅसेट आणि साखळी 2,600, केबल आणि ब्रेकचे रबर 1,600, दोन कॅरिअर 6,500, चार बॅगा 9,500, मडगार्ड 1,400, छर्रे-वंगणाचं काम 2,000, सुटे भाग 3,000. बेरीज 56,400. शहर आणि दुकान यांनुसार हजार-दोन हजार इकडे-तिकडे.

सिंहगडाची परीक्षा

नवं बांधलेलं चाक थेट प्रवासाला न्यायचं नाही. आधी रिकामं 50 किलोमीटर, मग पुन्हा ताण तपासणी. सुरुवातीला स्पोक भोकांत बसताना ताण थोडा उतरतो, तो इथे भरून काढायचा. दुसऱ्यांदा 10 किलो घेऊन. तिसऱ्यांदा लिटरच्या पाण्याच्या 21 बाटल्या बॅगांमध्ये, पुढे 8, मागे 13, आणि सिंहगडाचा गाडीरस्ता. साधारण 9 किलोमीटर चढ, तोही सलग, आणि लगेच तोच उतार. घरापासून तासाभरावर याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

या फेरीत तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, सर्वात हलक्या गिअरला साखळी मोठ्या चक्रीपलीकडे स्पोकमध्ये पडते का. ओझ्याखाली हँगर किंचित वाकला असेल तर हे घडतं आणि पाच-सहा स्पोक एकदम कापले जातात. मर्यादेचा स्क्रू घट्ट करून ठेवायचा. दुसरी, उतारावर ताशी 35 च्या आसपास हँडलमध्ये थरथर येते का. आली तर गुडघे वरच्या नळीला टेकवून ती थांबते, पण कारण शोधलं पाहिजे: हेडसेट (हँडल फिरतं तिथले छर्रे) ढिला, पुढच्या दोन बॅगांच्या वजनात फरक, किंवा कॅरिअरचा वरचा हात सैल. तिसरी, खाली आल्यावर प्रत्येक बोल्टला पान्हा. जो बोल्ट इथे पाव फेरा फिरला तो रत्नागिरीपर्यंत गळून पडणार.

सपाट हँडलवर तळव्याला मुंग्या येण्याची तक्रारही इथेच कळते. टोकांना छोटी शिंगं लावली की हात ठेवायला दुसरी जागा मिळते. हँडल सीटच्या पातळीला आणावं, खाली नको.

सोबत काय

उजव्या बाजूच्या अचूक लांबीचे 3 सुटे स्पोक, डाव्या बाजूचे 2, सीटपोस्टमध्ये कापडात गुंडाळून. उजवीकडचा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून कॅसेटचा पान्हा आणि साखळीचा छोटा पट्टा. हे नसेल तर हातात स्पोक असून उपयोग नाही. दोन ट्यूब, पंक्चर साहित्य, टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, 8 चक्र्यांच्या साखळीच्या दोन जोडकड्या, साखळी तोडायचं यंत्र, एक गिअर केबल, एक ब्रेक केबल, सुटा हँगर, होज क्लिप दोन, प्लास्टिकच्या बांधपट्ट्या दहा.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं: कॅरिअरचे आठ बोल्ट, मागच्या चाकाचे स्पोक बोटाने, ब्रेकच्या रबरात रेती, टायरमध्ये काच. बोटीवर खारं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्याचं फडकं आणि साखळीला तेल.

तेरेखोल ओलांडल्यावर पणजीत एक दिवस थांबायचं ठरवलेलं आहे, आणि तो आरामाचा असला तरी सकाळ सायकलची. सव्वासहाशे किलोमीटर आणि कोकणातले सगळे चढ संपलेले असतात, पुढे कन्याकुमारीपर्यंत रस्ता बराच सौम्य. मागचं चाक काढून आऊट तपासायचा. साखळीच्या 12 पूर्ण कड्या मोजायच्या: नवी असताना 304.8 मिलिमीटर. 306.3 च्या पुढे गेली असेल तर इथेच बदलायची, कारण अशी साखळी पुढच्या हजार किलोमीटरमध्ये कॅसेटचे दात खाते, आणि मग साखळी आणि कॅसेट दोन्ही बदलावे लागतात.